माळ एकाची, राखण गावाची

समोर बसलेल्या श्रोत्यांना राम कृष्ण हरी, आणि उद्या ही सेवा छापून झाल्यावर ओट्यावर, एसटीत, नाहीतर दवाखान्याच्या बाकावर पुस्तक उघडून बसणाऱ्या वाचकांनाही राम कृष्ण हरी. टाळ-मृदंगाचा आवाज काही छापता येत नाही, तेवढा तुम्ही मनात धरा. विषय मात्र तोच राहील. आज तो जरा नाजूक आहे, कारण तो प्रत्येकाच्या घरातला नसला तरी प्रत्येकाच्या भावकीतला आहे.

सप्ताह सुरू झाला की कीर्तनकाराच्या बिऱ्हाडी कोण कोण येतं, ऐका. कुणी तिथी विचारायला येतो, कुणी पुढच्या वर्षाची तारीख धरायला. आणि एक माउली येते, जी सगळे गेले की येते. दाराशी उभी राहते, पदर दातात धरते आणि एवढंच बोलते, "महाराज, आमच्या ह्यांना माळ घाला." बस. दारू हा शब्द ती उच्चारत नाही. आपण काय समजायचं ते समजायचं. गावोगाव हेच ऐकतो मी. कधी बायको येते, कधी आई येते. अलीकडे तर लेक येते, नववी-दहावीतली पोर, बापासाठी माळ मागायला.

माळ घालणारा मी कोण? माळ पांडुरंगाची. घालून घेणाऱ्याने मद्यमांस वर्ज्य करायचं, एकादशी धरायची, वारी करायची. मग तो गडी येतो, डोळे लाल, हात थरथरतायत, सगळ्या गावादेखत वाकतो, आणि गाव टाळ्या वाजवतं. मला त्या टाळ्यांचीच भीती वाटते, मायबाप. त्या टाळ्यांचा अर्थ असा की आता आपलं काम झालं, आता तो जाणे आणि त्याचा विठ्ठल जाणे. आठ दिवसांनी वरातीत त्याच गळ्यात हात घालून आपणच म्हणतो, "अरे, एवढ्याने माळ बाटत नाही, आज मित्राचं लग्न आहे." पुन्हा पडला की आपणच म्हणतो, "याची माळ ढोंगाची."

तुळशीचे मणी 108. यातला एक मणी घ्या आणि गळ्यावर ठेवून बघा राहतो का. दोरा लागतो. तो माणूस मणी आहे आणि दोरा तुम्ही आहात. आज बोलायचं आहे ते या दोऱ्याविषयी.

आता शास्त्राकडे चला. लोक म्हणतात, सरकारने दारूबंदी करावी, विषय संपला. मायबाप, दारूबंदी द्वारकेत झाली होती! महाभारतातलं मौसलपर्व काढा. भारतीय युद्धाला 36 वर्षं झालेली. यादवांची पोरं मस्तवाल झालेली, ऋषींची चेष्टा करून शाप घेतलेला. सांबाच्या पोटातून मुसळ निघालं, त्याचं चूर्ण समुद्रात टाकलं, ती कथा तुम्हांला पाठ आहे. पण त्याच्या पुढची ओळ कथेकरी घाईत सोडून देतात. मुसळाची व्यवस्था लावल्याबरोबर द्वारकेत दवंडी पिटली गेली. कुणाच्या नावाने? राजा आहुकाच्या, प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या, बलरामाच्या आणि बभ्रूच्या. दवंडी अशी की आजपासून या नगरीत कुणी मद्य तयार करायचं नाही, आणि जो चोरून करील त्याला नातेवाइकांसकट जिवंत सुळावर देऊ.

आजच्या कुठल्या कायद्यात आहे का हो एवढी शिक्षा? आणि अंमलबजावणी कुणाची? प्रत्यक्ष भगवंताची. तिथे हप्ता चालणार नाही, ओळख चालणार नाही. सगळ्यांनी भीतीने मान्य केलं.

पुढे काय झालं? अपशकुन होऊ लागले, तेव्हा भगवंतांनीच सांगितलं, तीर्थयात्रेला चला. यादव निघाले प्रभासक्षेत्री. आजच्या गुजरातेत, सोमनाथ-वेरावळच्या किनाऱ्याला. निघाले तीर्थयात्रेला आणि गाड्यांवर काय भरलं? अन्न भरलं, मांस भरलं, आणि मद्याची भांडी भरली. दवंडी द्वारकेपुरती होती ना! यात्रेला काय हरकत आहे? नट-नर्तक आले, वाद्यं वाजू लागली, आणि श्रीकृष्णाच्या डोळ्यांदेखत पंगत बसली. ब्राह्मणांसाठी रांधलेलं अन्न दारू मिसळून वानरांना घातलं म्हणे. बलराम बसला, सात्यकी बसला, कृतवर्मा बसला. सगळे शूर, नात्यातले, एकमेकांसाठी जीव देणारे.

मग सात्यकीला चढली. तो कृतवर्म्याला हसून म्हणाला, झोपलेल्यांना मारणारा तू कसला क्षत्रिय? प्रद्युम्नाने 'वाहवा' केली. लक्षात ठेवा, एक बोलणारा असतो आणि एक वाहवा करणारा असतो. कृतवर्म्याने 36 वर्षांपूर्वीचं उकरून काढलं: आणि हात तुटलेल्या, प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याला कुणी मारलं रे? झालं. सात्यकी उठला आणि त्याने कृतवर्म्याचं शिर उडवलं. कृतवर्म्याच्या माणसांनी सात्यकीला घेरलं आणि मारायला हातात काय घेतलं? तलवार नाही, धनुष्य नाही. जेवणाची उष्टी भांडी घेतली! ज्या ताटात एकत्र जेवले त्याच ताटांनी मारलं. नंतर किनाऱ्यावरची एरका, म्हणजे लव्हाळ्यासारखं गवत. तेच त्या मुसळाच्या चूर्णातून उगवलेलं. ते उपटून एकमेकांना मारलं आणि कुळ संपलं. भागवताच्या एकादश स्कंधातही हीच कथा, थोड्या फरकाने.

आपण म्हणतो शापाने मेले. शाप होताच. पण शाप ज्या वाटेने आत आला ती वाट कुठली होती? ती वाट गुत्त्याची नव्हती. गुत्ते बंदच होते. ती वाट पंगतीची होती, सोयऱ्यांची होती, उत्सवाची होती. वरून आलेला हुकूम कितीही कडक असला तरी पंगतीने जर ठरवलं की आज चालतं, तर तो हुकूम पंगतीत हरतो. देव समोर उभा असूनही हरला, तिथे पोलीस पाटलाची काय कथा?

आता आपापल्या गावाचं प्रभास शोधा. लग्न ठरतं. याद्या होतात, मानपान होतो, आणि मग कोपऱ्यात हळूच विचारतात, "पोरांची सोय केली का?" सोय! काय सुंदर शब्द. मुलीच्या बापाने कर्ज काढायचं, वरून पोरांची सोय करायची. हळदीला सोय, वरातीला सोय, निवडणुकीला तर आठवडाभर सोय. गावजत्रेला बोकडाबरोबर सोय. मजुराचा आठवड्याचा पगार बाजारच्या दिवशी कुठे वाटतात? कितीतरी ठिकाणी ठेक्याच्या समोर. मुकादमालाही बसायचं असतं तिथे. त्या बाईच्या हातात पिशवी येते ती रिकामी.

आषाढातल्या अमावास्येचं काय केलं आपण? दिव्याची अवस. घरातले दिवे, समया, निरांजनं घासून-पुसून पाटावर मांडायची, पेटवायची, त्यांची पूजा करायची, कणकेचे दिवे करायचे. उद्यापासून श्रावण म्हणून उजेडाची पूजा. तिला आज पोरं काय म्हणतात? गटारी! सणाला गटाराचं नाव देऊन आपण हसतो आणि मोबाईलवर एकमेकांना शुभेच्छा पाठवतो. पुस्तक वाचणाऱ्या माउली, या वर्षी त्या संध्याकाळी तू दिवे मांड आणि पोराला शेजारी बसव. व्याख्यान देऊ नकोस. नुसतं तेल घालायला सांग.

आणखी एक बोलतो. सप्ताह कमिटीने राग मानू नये. आपल्या सप्ताहाच्या फलकावर अन्नदात्यांची नावं असतात. कितीतरी गावांत त्यात ठेकेवाल्याचं नाव पहिलं असतं, कारण पावती मोठी असते. ज्याच्या दुकानात सकाळी गावाचा पैसा जातो, त्याच पैशाची दुपारी बुंदी होऊन पत्रावळीवर येते. आणि जिचं मंगळसूत्र त्या दुकानात गहाण पडलं तीच माउली ती बुंदी प्रसाद म्हणून खाते. मी म्हणतो, अशी पावती फाडू नका. दोन पदार्थ कमी करा, पिठलं-भाकरी करा, पांडुरंगाला चालतं. देवळाने ते पैसे घेतले की देवळाचं तोंड बंद होतं. मग कुणाला माळ घालणार आणि काय सांगणार?

पंगत बदलता येते का? येते. गाडगेबाबांनी बदलली. 23 फेब्रुवारी 1876 चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. घरचे परीट, नाव डेबूजी. बाप झिंगराजी दारूपायी संपला, घर उघड्यावर आलं, आई लेकराला घेऊन भावाच्या घरी, दापुऱ्याला आली. म्हणजे हा विषय बाबांनी पोथीत वाचलेला नाही, लहानपणीच भोगलेला आहे. पुढे त्यांच्या मुलीचं बारसं आलं. जातीचा रिवाज काय? मटण आणि दारू. नाही केलं तर भावकी रुसणार. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. लोक कुरकुरले असणारच. पण मला यातलं मर्म सांगायचंय. बाबांनी त्या दिवशी कुणाला दारू सोडायला सांगितलं नाही. त्यांनी फक्त स्वतःच्या घरी पाजली नाही. पिणारा सोडेल तेव्हा सोडेल. पाजणारा आज सोडू शकतो. पाजणाऱ्याला थरथर होत नाही, घाम फुटत नाही, दवाखाना लागत नाही.

नंतर 1905 साली घर सोडून निघालेल्या त्या माणसाने जन्मभर खराटा आणि कीर्तन दोन्ही चालवलं. कीर्तन कसं? प्रश्न विचारायचं. लोकांकडूनच उत्तर काढायचं. 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आज आपल्याला तो आवाज ऐकता येतो. महिन्या-दीड महिन्यात, 20 डिसेंबरला, बाबा गेले. आवाज मिळवून ऐका जरूर.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, पंगतीचं खरं, पण गावात दुकान उघडं आहे त्याचं काय? रास्त प्रश्न आहे. त्याला कायद्याची वाट आहे आणि ती आयाबहिणींच्या हातात आहे. राज्याने 2008 साली नियम केला. तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्या करून मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. पण इथे एक खोच आहे, नीट ऐका. नुसतं झालेल्या मतदानातलं बहुमत चालत नाही. यादीत जितक्या महिला आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी माउली त्या दिवशी खुरपायला गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने 'गप घरी बस' म्हणून दटावलं, तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्या पारड्यात जातं. कितीतरी गावांत बाटली अशी घरी बसलेल्या मतांमुळे उभी राहिली आहे. म्हणून सह्या गोळा करणं हे सोपं काम, मतदानाच्या दिवशी प्रत्येकीला बाहेर काढणं हे खरं. त्या दिवशी पुरुषांनी चूल सांभाळावी. तीही सेवाच.

याच्याही आधी गडचिरोलीच्या लोकांनी वाट दाखवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेबरोबर 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या आदिवासी गावांत, विशेषतः बायकांनी, दारूमुक्तीची चळवळ उभी केली. गावं बसली, ठराव झाले, विकणाऱ्याला दंड ठरला, आणि 1993 साली सरकारने जिल्ह्यात दारूबंदी केली. पण त्यांनी तिथे टाळ्या वाजवून काम संपवलं नाही. बंदी झाली तरी चोरून येणारच, मोहाची गाळली जाणारच, हे त्यांनी पाहिलं. म्हणून 2016 पासून 'मुक्तिपथ' सुरू झालं. त्यात गावाची संघटना आहे, प्रबोधन आहे, पोलीस-प्रशासनाची अंमलबजावणी आहे आणि पिणाऱ्यावर उपचारही आहेत. चारही एकदम. एक पाय मोडका असला की खाट डुलते.

शेजारच्या चंद्रपुरात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली. का उठली यावर वाद घालायला मी उभा नाही. ज्यांनी बंदीसाठी पायपीट केली त्या बायांचे कष्ट खोटे नव्हते, आणि चोरटी दारू वाढली असं म्हणणारेही सगळे दारूवाल्याचे हस्तक नव्हते. मला एवढंच दिसतं की हुकूम आला तसा जातो. गावाने बसून धरलेला नियम हुकमावर अवलंबून राहत नाही.

चोरट्या दारूचं भय मात्र खरं आहे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. अशा दारूत मिथेनॉल असतं. पिताना चवीत कळत नाही. पोटात गेल्यावर त्याचं शरीरात आम्ल होतं, ते आधी डोळ्यांच्या नसा जाळतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आलं, श्वास जोरात चालला, पोटात कळा आल्या, तर 'उतरेल' म्हणून झोपवू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय प्यायला ते लाज न धरता सांगा. त्याच्याबरोबर जे जे बसले होते त्यांनाही उठवून न्या. आणि हो, हातभट्टी विकणारी पुष्कळदा एखादी विधवाच असते, जिचा नवरा दारूनेच गेला. तिची भांडी फोडून गाव मोकळं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकरांनी काय खायचं? भांडी फोडायच्या आधी तिला बचतगटात घ्या, रोजगार हमीचं काम मिळवून द्या. मग फोडायची गरज पडत नाही.

आता त्या पिणाऱ्याकडे या. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे अज्ञानाने माणसं मरतात. आपल्याला वाटतं, पितो म्हणजे नालायक आहे, मनात आणलं तर सोडील. सुरुवातीला असतंही तसं. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीरच दारूवर चालू लागतं. त्याने एकदम बंद केली की काही तासांत हात कापतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप दारात दिसतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. घरचे काय म्हणतात? बाधा झाली. आणि नेतात देवऋषाकडे, नाहीतर खोलीत कोंडतात, नाहीतर खाटेला बांधतात. मायबाप, ही बाधा नाही. हा दारू सुटतानाचा आजार आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याला सप्ताहात उभा करून 'आजपासून एक थेंब नाही' अशी शपथ घालण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. तिथे काही दिवस औषधं देऊन, बी-1 जीवनसत्त्व देऊन ते दिवस सुखरूप पार पाडता येतात. माळ दवाखान्यातून आल्यावर घाला. पांडुरंग 28 युगं उभा आहे, आठ दिवस आणखी थांबेल.

दुसरी गोष्ट. 'न सांगता दारू सोडवा, चहात-भाजीत मिसळा, पत्ता लागणार नाही' अशा जाहिराती तुम्ही भिंतींवर वाचल्या असतील. एक औषध असं आहे की ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. डॉक्टर ते देतात तेव्हा त्या माणसाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. चोरून घातलंत आणि त्याने बाहेर प्यायली, तर तुमच्या मायेने तुम्हीच त्याला मारलात असं होईल. त्या वाटेला जाऊ नका.

सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 ला आला. दारूच्या पूर्ण कह्यात गेलेल्या दर 38 माणसांत एकालाच कसली तरी मदत मिळाली. बाकीचे 37 कुठे आहेत? आपल्या पारावर आहेत. त्यांना आपण हसतो, पोरं त्यांच्या मागे लागतात, व्हिडिओ काढतात.

पुण्यात 1986 साली 'मुक्तांगण' सुरू झालं. तेव्हा ब्राऊन शुगर, गर्द म्हणत तिला, तरुण पोरांना खात होती. डॉ. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट, ज्यांना सगळे सुनंदा म्हणत, त्यांनी ते केंद्र उभं केलं. तिथे येणाऱ्याला कैदी मानत नाहीत. तिथून बरे झालेलेच कितीजण पुढे तिथे काम करू लागले. आणि नुसता पिणारा नाही, त्याच्या बायकोचाही गट चालतो. कारण नवऱ्याला एक रोग असतो, आणि त्याच्या पायी बायको झोप, भूक, बोलणं, सगळं गमावून बसलेली असते. तिला कोण विचारतं?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, ए.ए. म्हणतात त्या संगतीचंही तसंच. 1935 साली अमेरिकेत ओहायो प्रांतात दोन दारुडे भेटले. एक शेअरबाजारातला, दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. एकमेकांशी बोलत राहिलं की आजची प्यायची हुक्की टळते, हे त्यांना कळलं. तेवढ्यावर ती संगत जगभर पसरली. आपल्या देशात 1957 पासून आहे, मराठीतही सभा भरतात. फी नाही. तिथे 'जन्मभर पिणार नाही' म्हणत नाहीत, 'आज पिणार नाही' म्हणतात. वारकऱ्याला हे शिकवायला नको. आळंदीहून निघालेला माणूस एका दमात पंढरीला पोचतो का? आजचा मुक्काम गाठायचा, पालखीचा तळ पडला की झोपायचं, उद्याचं उद्या. आणि वाटेत एखादा चक्कर येऊन पडला तर दिंडी त्याला टाकून जाते का हो? 'तू खोटा वारकरी' म्हणते का? पाणी देतात, पाय चेपतात, टेम्पोत बसवतात, पुढच्या तळावर पुन्हा चालायला लावतात. मग दारू सोडलेला गडी सहा महिन्यांनी एकदा घसरला तर आपण 'याची माळ ढोंगाची' का म्हणतो? घसरणं या आजारात होतं. घसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात कोण गेलं, यावर पुढचं ठरतं.

मुलांचं थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात देशी-विदेशी दारूला वयाची 25 वर्षं पुरी लागतात, बिअरला 21. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, 2012 पासून गुटखाबंदी आहे. आणि सातवीतल्या पोराच्या गालात काय असतं? विदर्भात खर्रा, इकडे मावा. पोराला दुकानात पाठवतो कोण? आपणच. "जा रे, एक पुडी घेऊन ये, उरलेल्याची गोळी घे."

तिकडे उत्तरेला, बर्फात, आइसलँड नावाचं बेट आहे. लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराहून कमी. 1998 साली तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांत शंभरातली 42 अशी होती, जी मागच्या महिन्याभरात एकदा तरी पिऊन झिंगली होती. 2016 ला ती पाचावर आली. काय केलं त्यांनी? भाषणं कमी केली. मुलांना काय वाटतं, काय करतात हे शाळेशाळेत विचारून ते आईबापांपुढे ठेवलं. रात्री अमुक वेळेनंतर मूल एकटं बाहेर नको, हे सगळ्या पालकांनी मिळून धरलं. एकट्या बापाने धरलं असतं तर पोरगं म्हणालं असतं, "बाकीचे फिरतात, मलाच का?" आणि संध्याकाळी खेळायला, गायला, वाजवायला जागा आणि गुरू दिले, खर्च नगरपालिकेने उचलला. मायबाप, हे ऐकून मला तालीम आठवली, भजनी मंडळ आठवलं. आपल्याकडे होतंच की हे! तालमीच्या मातीत आता भंगार पडलंय आणि पखवाजावर धूळ. पखवाज शिकवणारा बुवा म्हातारा झालाय, त्याला महिना दोन हजार द्यायला गावाकडे नाहीत, आणि डीजेला एका रात्रीचे पन्नास हजार आहेत.

आता वेळ झाली. वाचणाऱ्यांनी पेन घ्यावं. व्यसनमुक्तीची सरकारी मदतवाहिनी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. दोन्हीला पैसे पडत नाहीत. देवळाच्या फळ्यावर तिथीच्या खाली हे दोन आकडे लिहून ठेवा. खाली कुणाचं नाव लिहू नका, म्हणजे कुणाला लाज वाटणार नाही. दवाखान्यात सोबत कोण जाईल अशी चार माणसं कमिटीने आजच ठरवावीत. त्यांत दोन तरी अशी असावीत ज्यांची स्वतःची सुटली आहे.

उद्या काल्याचं कीर्तन सकाळी 10 ला. बुक्का लावून झाला की आयाबहिणींनी लगेच उठू नये. पारावर मतदार यादी ठेवली आहे, सह्यांचा कागद ठेवला आहे. यादीत आहे तसंच नाव लिहा, म्हणजे पडताळणीत सही बाद होणार नाही. जिला लिहिता येत नाही तिने अंगठा द्यावा, शेजारणीने साक्ष घालावी. पुरुष मंडळींनी तेवढा वेळ लेकरं धरा.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय. राम कृष्ण हरी.